मागच्या सीटचे पट्टे

"लावा हात, चावत नाही ती," फिटरकाका म्हणाले, तेव्हा कुठे त्या बाईंनी विमानाच्या पिवळ्या पंखावर एक बोट टेकवलं आणि चटका बसावा तसं लगेच मागे घेतलं. त्यांचा नवरा हसला. फिटरकाकाही हसले. रोजचंच होतं ते.

"लढाईच्या दिवसांत हिला सगळे मास्तरीण म्हणायचे," त्यांनी नेहमीची गाडी सुरू केली. "लढाऊ विमानात बसायचं असेल तर आधी हिच्या वर्गात बसावं लागे. सहाशे घोड्यांचं इंजिन. ताशी दोनशे मैल पळायची, वीस हजार फुटांवर जायची. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. दोघांपुढे दांडा, दोघांच्या पायांशी पेडलं. पुढच्याने काही घोळ घातला की मागचा निस्तरणार."

"म्हणजे अगदी सुरक्षित," नवरा म्हणाला.

"छे हो! मास्तरीण ती मास्तरीण. वेग जरा कमी पडू द्या, एक पंख झटकन खाली टाकायची आणि गिरक्या घेत निघायची जमिनीकडे. लढाऊ विमानं तेच करायची, म्हणून हिच्यातही ती खोड ठेवलेली. मग उलट बाजूचं पेडल दाबायचं, दांडा पुढे रेटायचा, दोन गिरक्यांत सरळ. आलं तर वरच्या इयत्तेत."

"आणि नाही आलं तर?"

"तिकडे इंजिन मधोमध कापून ठेवलंय, चला दाखवतो," काका म्हणाले आणि चालू लागले. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचाच, आणि कापलेलं इंजिन दर वेळी मदतीला धावून यायचं.

संग्रहालय कसलं, जुन्या धावपट्टीच्या टोकाला उरलेलं पत्र्याचं एक हँगर होतं. तीन विमानं, चार काचेची कपाटं, आणि उन्हाळ्यात भट्टी. लढाईत याच तळावर फिटर असलेले काका पुढे पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं राबले आणि निवृत्तीनंतर पुन्हा इथेच येऊन चिकटले. घरी बायको म्हणायची, "पिवळ्या सवतीकडे चाललात का?" ते हो म्हणायचे. मास्तरणीला पुसायचं, टायरमध्ये हवा भरायची, आल्यागेल्याला चार गोष्टी सांगायच्या. सगळ्यांना वाटे, म्हाताऱ्याचा जीव आहे हो विमानावर.

जीव होता की दुसरं काही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. म्हातारपणी लोकांना कसल्या कसल्या खोडी लागतात, काकांच्या तरुणपणापासूनच्या होत्या. सुटा पट्टा, सुटी दोरी, लोंबणारी नाडी दिसली की त्यांचा हात गेलाच. मुलीच्या मोटारीत बसले की शेजारच्या रिकाम्या जागेचा पट्टाही ते ओढून बकलात घालायचे आणि तीनदा खेचून बघायचे. "बाबा, शेजारी भूत बसवलंय का?" मुलगी विचारायची. ते खिडकीबाहेर बघायचे.

दुसरी खोड कुणाच्या लक्षात आली नव्हती. बसमध्ये ते कायम सगळ्यांत पुढच्या सीटवर बसत, नाहीतर उभे राहत. पुढे कुणाची मान दिसायला नको. कोवळी, नुकतेच केस कापलेली, कापलेल्या केसांच्या कडेला पांढरी रेघ असलेली मान दिसली की दोन थांबे आधीच ते उतरून चालत जात. भुतं अंधारात येतात म्हणतात. त्यांचं भरदुपारी यायचं, तिकीट काढून बसायचं.

जोडपं निघून गेलं आणि व्यवस्थापक बाई हातात कागद घेऊन आल्या. तिशीची चटपटीत मुलगी, काकांच्या मुलीपेक्षाही लहान. एका वेळी दहा कामं अंगावर घ्यायची आणि नऊ पुरी करायची.

"काका, मास्तरणीच्या नव्या फलकाचा मजकूर. उद्या छपाईला जातोय. त्या वेळचे तुम्ही एकटेच उरलात. वाचा, कुठे चुकलं असेल तर सांगा आणि खाली सही ठोका."

काकांनी चष्मा लावला. विमानाची लांबी बरोबर होती, रुंदी बरोबर होती. चार वर्षांत अठराशे वैमानिक इथे तयार झाले, तेही बरोबर होतं. पिवळा रंग का, तर शिकाऊ विमान येतंय हे लांबून कळावं आणि बाकीच्यांनी जपून राहावं म्हणून. त्याखाली होतं: *या तळावर अशाच एका विमानाला सोलो उड्डाणात अपघात होऊन एकवीस वर्षांच्या शिकाऊ वैमानिकाचा मृत्यू झाला. चौकशी अहवालानुसार, गिरकीतून विमान बाहेर काढताना विद्यार्थ्याने शिकवलेली कृती केली नाही.*

"हे कुठून काढलंत?"

"जुन्या दप्तरातून! अख्खा अहवाल सापडला. आणि गंमत म्हणजे त्यात तुमची जबानी आहे, काका. मागच्या सीटचे पट्टे मी स्वतः बांधले व तपासले. खाली सही. काय मोत्यासारखं अक्षर होतं हो तुमचं!"

काकांनी कागद पंखावर ठेवला.

"त्या मुलाची बहीण येतेय आज अकराला," बाई सांगत होत्या. "मजकूर त्यांना आधीच पाठवला होता, ते वाक्य काढा म्हणून दोन पत्रं आली त्यांची. मला वाईट वाटतं, पण कागदावर आहे ते आहे, मी कोण बदलणार? तुम्ही जरा बोला त्यांच्याशी. तुमच्या वयाच्या माणसाचं ऐकतील."

अकराला वीस मिनिटं कमी होती.

काका मास्तरणीच्या सावलीत, चाकाजवळच्या लाकडी पायरीवर बसले. सही केली की संपलं, त्यांनी स्वतःला सांगितलं. एकदा केली आहेच. माणूस एक सही करतो, दुसरी करायला काय हरकत आहे? प्रशिक्षक पुढे लढाईतच गेला, चौकशी करणारे केव्हाच गेले. विचारणारं कोण उरलं होतं?

पट्ट्यांची गोष्ट एवढीशी होती. सोलोच्या वेळी प्रशिक्षक खाली उतरतो आणि मागची सीट रिकामी होते. त्या सीटचे खांद्याचे आणि कमरेचे पट्टे तसेच सुटे राहिले तर विमान वर उलटंपालटं होताना ते हवेत तरंगतात, आणि मागच्या दांड्याला विळखा घालू शकतात. मागचा दांडा अडला की पुढचाही अडला, दोन्ही एकाच सळीला जोडलेले. म्हणून फिटरने ते फुलीसारखे आवळून, बक्कल लावून, खेचून बघायचे. मग विमानाच्या अंगावर हाताने दोनदा थापटायचं. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. दोन थापा म्हणजे, मागे सगळं बांधलं, जा.

त्या दिवशी त्यांच्या हाताखालून सात सोलो गेले. आठवा तो मुलगा. फिटर मागच्या सीटवर वाकला, आणि तेवढ्यात कचेरीतला कारकून खालून कागद नाचवत ओरडला, "अरे नवरदेवा! रजा मंजूर!" फिटर बावीस वर्षांचा होता. लग्न दोनदा पुढे गेलेलं. तो उडी मारून खाली आला, कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला. आणि मग त्याच्या हाताने, सवयीने, विमानाला दोन थापा मारल्या. पुढच्या सीटवरच्या त्या मानेने होकार दिला आणि विमान निघालं.

पुढे ते विमान शेतात सापडलं तेव्हा गाडीतून पहिला उतरला फिटरच. मागच्या दांड्याभोवती पट्ट्याचे दोन वेढे पडले होते, घट्ट. बाकीचे पोचायच्या आत त्याने ते सोडवले आणि बक्कल लावून टाकलं. त्या वेळी त्याला कसलाच विचार सुचला नव्हता, हात आपोआप चालत होते. दहा दिवसांनी त्याच रजेवर त्याचं लग्न झालं. फोटोत तो हसतोय.

"हेच का ते?"

काकांनी मान वर केली. पासष्टीच्या पुढची, बारीक चणीची बाई, खांद्याला कापडी पिशवी. मागे व्यवस्थापक बाई होत्या. "मावशी, हे आमचे फिटरकाका," त्या म्हणाल्या. "तुमचे भाऊ होते तेव्हा हे इथेच होते."

"हेच नाही, याच जातीचं," काका उभे राहत म्हणाले.

बहीण विमानाभोवती हळूहळू एक फेरी मारून आली. हात मात्र तिने कुठे लावला नाही. "तो कुठे बसायचा?"

"पुढे."

"आणि मागे मास्तर."

"त्या दिवशी मागची जागा रिकामी होती, ताई. सोलो होतं."

"हो, ते वाचलंय." तिने पिशवीतून एक पिवळा पडलेला लिफाफा काढला, उघडला नाही, नुसता हातात धरला. "हे पत्र आलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. वडिलांनी दारातच उभ्याने वाचलं. सूचनांचे पालन न केल्यामुळे, असं लिहिलं होतं यात. वडील म्हणाले, सांगितलेलं ऐकायचं नाही ही सवयच होती त्याची. त्यानंतर सव्वीस वर्षं जगले, पण त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. फोटो काढून ठेवला. आई लपून बघायची. ती म्हणायची, अहो, तो पोरगा दाराची कडी दोनदा ओढून बघायचा, तो विसरेल कसा? वडील म्हणायचे, सरकारचं पत्र खोटं असतं का?"

पत्र्यावर कबुतरं चालत होती.

"माझी काही तक्रार नाही," ती व्यवस्थापक बाईंकडे वळून म्हणाली. "मेला ते लिहा. चुकला ते कशाला लिहिता? त्याला उलट बोलायला तोंड तरी आहे का? इथे शाळेची पोरं येणार, वाचणार, आणि म्हणणार हा बघा, याला जमलं नाही."

"मावशी, मला समजतं, पण अहवालात..."

"अहवाल वाचला मी. तुम्ही पाठवलात ना." मग ती काकांकडे वळली आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. "तुमची जबानी पण वाचली. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. तुम्हाला उगाच त्रास दिला आज. इतक्या वर्षांनी तुम्हाला ते सगळं आठवायला लावलं. तुमचा काय दोष?"

शिव्या घातल्या असत्या तर काका गप्प बसू शकले असते. रडली असती तरी बसले असते, निदान त्यांना तसं वाटत होतं. पण ती त्यांची समजूत काढत होती, आणि ते सहन होईना.

"ताई," ते म्हणाले, "मी पट्टे बांधले नव्हते."

तिला चटकन अर्थ लागला नाही. व्यवस्थापक बाईंना लागला, कारण ते पट्टे कशासाठी बांधतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "काका, काहीतरी काय बोलताय? बसा, पाणी आणते."

"नको पाणी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कारकून, रजेचा कागद, दोन थापा, शेतातले दोन वेढे. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरले, आणि तो उतरायला पाच मिनिटं पुरली याचीच त्यांना लाज वाटली. शिवाय उतरला असंही काही वाटेना.

बहीण पायरीवर बसली. तिने विचारलं, "त्याला कळलं असेल?"

"दांडा पुढे जात नाही एवढं कळलं असणार. का जात नाही ते नाही. मागे वळून बघता येत नाही तिथून."

"किती वेळ?"

"ताई, कशाला..."

"किती?"

"पंधरा सेकंद. वीस."

"आणि त्यानं काय केलं?"

काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण आवाज सरळ होता. हे एवढं त्यांना नीट सांगायचंच होतं. "सगळं बरोबर केलं. उलट बाजूचं पेडल पार शेवटपर्यंत दाबलेलं होतं, बूट तिथेच अडकलेला. दोन्ही हात दांड्यावर होते. जेवढी ताकद होती तेवढी लावली होती त्यानं, मनगटांवरून कळत होतं. शिकवलेली एकही गोष्ट तो विसरला नव्हता. माझ्या हाताखालून शेकडो पोरं गेली, याच्यापेक्षा चांगलं कुणीच केलं नसतं."

तिने डोळे मिटले. आईचं बरोबर होतं, एवढंच ती पुटपुटली.

मग तिने डोळे उघडले तेव्हा नजर बदललेली होती. "तेव्हा का नाही बोललात?"

"भ्यालो. तुरुंगात गेलो असतो. लग्न मोडलं असतं."

"आणि नंतर?"

"नंतर उशीर झाला म्हणून. मग दर वर्षी आणखी उशीर."

"मुलंबाळं आहेत?"

"एक मुलगी."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांनी काकांना जे झालं ते कुठल्या कोर्टाच्या निकालाने झालं नसतं. त्यांनी हात जोडले.

"हात नका जोडू. माफीबिफी मागू नका माझ्याकडे. माझ्याजवळ ती नाहीच, कुठून देऊ? ज्यांची होती ते गेले. तुम्ही वीस वर्षांपूर्वी जरी आला असता तरी आई होती." ती उठून उभी राहिली. "आता एक करा. वडिलांना पत्र लिहा."

"वडिलांना?"

"तेव्हा पत्र त्यांच्या नावाने आलं होतं ना? मग आताही त्यांच्याच नावाने येऊ दे."

व्यवस्थापक बाई धावत जाऊन संग्रहालयाचा छापील कागद घेऊन आल्या. बहिणीने तो परत केला. "साधा द्या. संग्रहालयाने काही केलेलं नाही." बाईंनी साधा कागद आणला. काकांनी तो काचेच्या कपाटावर ठेवला आणि वर आजची तारीख घातली. तिने वडिलांचं नाव सांगितलं, मग पत्ता. घर क्रमांक, गल्ली, सगळं.

"आता तिथे पेट्रोल पंप आहे," ती म्हणाली. "तरी लिहा."

काका लिहू लागले. अक्षर मोत्याचं राहिलं नव्हतं, ओळी उतरत्या जात होत्या. महोदय, आपल्या चिरंजीवांच्या अपघाताबाबत आपल्याला पाठवलेली माहिती खोटी होती. त्यांनी सर्व सूचनांचे पालन केले होते. अपघात जमिनीवरील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडला.

ती खांद्यावरून वाचत होती. "कोण कर्मचारी? वडील विचारतील मला."

काकांनी ती ओळ खोडली. मी पट्टे बांधले नाहीत, त्यांनी लिहिलं. बांधले अशी खूण मात्र केली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नंतर मी पुरावा मोडला आणि खोटी जबानी दिली. खाली पूर्ण नाव, हुद्दा, राहता पत्ता. तिच्या सांगण्यावरून त्यांनी सगळं एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. पत्र वाचतानाचा आपला आवाज त्यांना अनोळखी वाटला.

तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीतल्या जुन्या लिफाफ्यात, पहिल्या पत्राशेजारी सरकवली. "येते," असं व्यवस्थापक बाईंना म्हणाली. काकांना काही म्हणाली नाही.

ती गेल्यावर बाईंनी फलकाचा मजकूर पुन्हा वाचला. मग त्यांनी पेनाने ते वाक्य आडवं छेदलं. "मला हे वर कळवावं लागेल, काका. तुमची नवी जबानी घ्यावी लागेल. वर्तमानपत्रात येईल."

"येऊ दे."

"काकूंना माहीत आहे?"

"नाही." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "आज सांगतो. पेपरात वाचायला नको तिला. रजेचा कागद तिने अजून ठेवलाय, लग्नाच्या फोटोमागे. आठवण म्हणून."

बाईंनी काकांच्या दंडाला हात लावला, क्षणभर, आणि आत निघून गेल्या.

काका हँगरच्या दारात येऊन उभे राहिले. समोर रस्त्यापलीकडे बसचा थांबा होता. बहीण बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर. शहराकडे जाणारी बस आली, थांबली, ड्रायव्हरने तिच्याकडे बघून वाट पाहिली आणि बस पुढे गेली. बस हलल्यावर ती पुन्हा दिसली. तिने कागद उघडून दोन्ही हातांत धरला होता आणि तिचे ओठ हलत होते. आसपास कुणी नव्हतं. ती मोठ्याने वाचत होती, हळू, एखाद्या कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवावं तसं, मध्येच थांबून, त्याला समजलं का ते बघून.

दुसरी बस आली आणि गेली. ती अजून वाचतच होती.